बादलीभर वाळू

क्लॅरिस मावशी आता दोन पायऱ्या चढली तरी कठड्याला धरून थांबते. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. विस्कॉन्सिनच्या या रेताड पट्ट्यातच जन्मली, इथेच बटाटे काढण्यात तिची कंबर गेली.

चार वर्षांपूर्वी दफनभूमीकडचा रस्ता रुंद झाला आणि तिथलं निळ्या तुऱ्यांचं रानफूल, रान-ल्युपिन, डांबराखाली गेलं. त्याआधी मावशीनं शेंगांना जुने पायमोजे बांधून ठेवले होते, कारण शेंग तडकली की बिया कुठच्या कुठे उडतात. एकतीस बिया मिळाल्या. वाकड्या झालेल्या बोटांनी तिनं एकेक बी पॉलिश पेपरवर घासली, रात्रभर भिजवली आणि वसंतात परसात पेरली. नऊ रोपं जगली. "एकदा फुललेलं बघितलं की सुटले," म्हणायची.

तिसरं वर्षही गेलं. पानं नुसती माजली, फुलाचा पत्ता नाही. चार रोपं तर मुळाशी कुजली. मग एकदा मी मावशीच्या नवऱ्याला, ॲल्विनकाकांना, रोपांच्या मुळाशी शेणखताची बादली उपडी करताना पकडलं! काका काळ्या मातीतल्या, गाई पाळणाऱ्या घरातले. आमच्या वाळूची त्यांना पन्नास वर्षं लाज वाटत आली. आता विसरायला लागलेत. सकाळी घातलेलं खत दुपारी पुन्हा घालतात.

मी भडकलेच. "मावशी, सांग ना त्यांना! या झाडाला खत चालत नाही, उपाशीच ठेवावं लागतं."

"रोज सांगते गं. ते रोज पहिल्यांदाच ऐकतात." ती पायरीवर बसली. "बादली काढून घेतली तर दिवसभर खुर्चीत भिंतीकडे बघत बसतील. दमले मी. कोणाकोणाला जगवू?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडी काढायला लावली. रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यातली वाळू आणून आम्ही खताच्या पोत्यात भरली. काकांनी मूठभर हुंगली. "याला वासच नाही!"

"चांगलं कुजलंय ना, म्हणून," मावशी म्हणाली.

या मे महिन्यात एका रोपाला निळा तुरा आला. काकांनी मला हाक मारली. "बघ! तुमच्या वाळूत काही होत नाही. खत लागतं, खत!"

"हो तर," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "उद्याची बादली भरून ठेव गं. माझ्यानं आता उचलवत नाही."