चाकामागचा वरवंटा

आमच्या घरात दोनच वजनदार वस्तू आहेत, एक ह्यांची गाडी आणि दुसरा माझा वरवंटा. त्या रविवारपर्यंत दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

कात्रजच्या या इमारतीत सगळ्यांची दारं बंद असतात. लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर मी खाली बघते. त्यामुळे इथली माणसं मी चपलांवरून ओळखते, चेहऱ्यांवरून कोणालाच नाही. बोलायला घरात हे, आणि रविवारी वाघोलीला मुलाकडे गेलं की नात. तो रविवार चुकला की माझा आठवडा मुका जातो.

आणि नेमकं शनिवारी ह्यांनी जाहीर केलं, "डावं चाक वाजतंय. उघडून ब्रेक बघायला लागेल."

"गॅरेजमध्ये द्या ना."

"मग मी उभी हयात कारखान्यात काय माशा मारल्या?"

"आणि वाघोली?"

"अकराला निघू. तू चटणी कर."

माझ्या मुलाला पाट्यावर वाटलेलीच शेंगदाण्याची चटणी लागते. (निदान लहानपणी लागायची. आता विचारायचं राहून जातं.)

हे फार शिस्तीचे. सकाळी पार्किंगमध्ये त्यांनी मला पाना धरायला उभं केलं आणि भाषण दिलं. "जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. धरून ठेवते ती घोडी." (घोडी म्हणजे गाडीखाली ठेवायची लोखंडी तिवई. मला आधी भलतंच वाटलं.) "घोडी लागल्याशिवाय गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही. आणि आपल्या जागेला उतार आहे, हँडब्रेकही नीट धरत नाही, मागच्या चाकामागे दगड पाहिजे."

"इथे सगळीकडे फरशीच आहे. दगड कुठला आणणार?"

"ते मी बघतो. तू जा वर."

मी वर गेले. दाणे भाजले, लसूण सोलला, पाटा मांडला. वरवंटा गायब. ओट्याखाली बघितलं, सिलिंडरमागे बघितलं, देवघरातसुद्धा डोकावले. शेवटी ह्यांना विचारायला खाली आले.

गाडीचं तोंड हवेत होतं. चाक काढून गाडीच्या पोटाखाली सरकवलेलं होतं. हे कुठे दिसेनात. आणि मागच्या टायरला टेकून, धुळीत लोळत, माझा वरवंटा!

हे जिन्यामागच्या खोलीत घोड्या आणायला गेले होते. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. पण पार्किंगमध्ये ओरडायचं म्हणजे सगळी इमारत बघणार. त्यापेक्षा मी गुपचूप वरवंटा उचलला. आता हा दोनदा धुवावा लागेल, एवढंच माझ्या मनात आलं.

पाठ वळवते न वळवते तोच कर्र्र असा आवाज झाला. गाडी सावकाश मागे सरकली, जॅकवरून घसरली आणि दाणकन त्या काढलेल्या चाकावर बसली. बसली तीही अशी तिरकी, की गेटची वाट पूर्ण बंद.

हे दोन हातांत दोन घोड्या घेऊन आले. त्यांनी गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दगड कुठे गेला?"

मी वरवंटा वर करून दाखवला.

तेवढ्यात आवाजाने माणसं जमली. तपकिरी सँडल पुढे आले. ते पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, देशमुख सर, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी ह्यांना बघितलं, माझ्या हातातला वरवंटा बघितला.

"वहिनी," ते म्हणाले, "अशी भांडणं घरातच मिटवावीत. पार्किंग सामायिक आहे."

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी, अमरावतीकडची, कानातले इअरफोन काढत धावत आली. "काकू, काका सेफ आहेत ना?"

"आहेत," मी म्हणाले.

"अरे वा," सर म्हणाले, "बोलतात या."

सगळे हसले. मीही हसले, पण मनात आलं, हे खाली असते तर? मदतीला कोणाला तरी नावाने हाक मारावी लागली असती, आणि मला तर नुसत्या चपला माहीत.

"मी खाली नसतोच गेलो," हे मला हळूच म्हणाले. "घोडी लागली नव्हती ना."

मग सर वाकून मला म्हणाले, "वहिनी, परवानगी असेल तर दगड परत मिळेल का?" वरवंटा पुन्हा चाकामागे गेला. चार माणसांनी मिळून गाडी सरळ केली, जॅक लावला, घोड्या लावल्या. ब्रेक साफ होईपर्यंत जेवणाची वेळ झाली.

मी वाघोलीला फोन केला. मुलगा म्हणाला, "बरं झालं आई, आम्हीही बाहेरच निघालो होतो. पुढच्या वेळी बघू." मागे नातीचा आवाज येत होता. तिला फोन दे म्हणेपर्यंत त्याने ठेवला होता.

दाणे भाजलेले पडले होते. मी मिक्सरमध्ये चटणी केली, भाकऱ्या थापल्या आणि खाली नेल्या. आम्ही आठ जण जिन्यावर बसून जेवलो. मुलगी म्हणाली, "माझ्या आईची चटणी पण अशीच राहते, काकू." सर बोटं चाटत म्हणाले, "पाट्यावरच्या चटणीची चव काही वेगळीच." मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. त्यांना बोलतं ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दारं पुन्हा बंद. लिफ्टमध्ये तपकिरी सँडल तेवढे विचारतात, "वरवंटा बरा आहे ना?" ह्यांनी चाकामागे लावायला लाकडी ठोकळे करून आणले. चाक आता अजिबात वाजत नाही.

गेल्या रविवारी वाघोलीचं पुन्हा रद्द झालं. हे पेपर वाचत होते.

"अहो, डावं चाक वाजतंय का?"

"नाही."

"आणि उजवं?"

ह्यांनी पेपर खाली केला. "काहीच वाजत नाही. का गं?"

"काही नाही, सहज," म्हणून मी स्वयंपाकघरात आले. आठ माणसांची चटणी मी आधीच वाटून ठेवली होती.