चिंधूच्या बसमधला संत्रा

पांढुर्णा ते सौंसर बस चालवणारा चिंधू ड्रायव्हर गाण्यांचं पथ्य पाळतो. साखरेचे पेशंट साखरेचं पाळत नाहीत इतकं कडक. नऊ वर्षांपूर्वी दारू सोडताना त्यानं दहा वर्षांच्या लेकीच्या, प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती: दारू तोंडातही नाही अन् कानातही नाही. तोंडाचं ठीक होतं. कानाची शपथ घ्यायला त्याला कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

पण गाण्यांशिवाय त्या रस्त्यावर बसमध्ये बसतो कोण? म्हणून चिंधूचा डावा हात कायम आवाजाच्या बटनावर. गाण्यात दारू, नशा, बाटली आली की आवाज बंद, शब्द टळला की पुन्हा सुरू. प्रवाशांना सगळी गाणी पाठ. आवाज बंद झाला की अख्खी बस तो शब्द ओरडायची, सगळ्यात मोठ्यानं पहिल्या सीटवरचे रिटायर पोस्टमन रामाजी. जो शब्द गायकानं हळूच म्हटला असता तो चाळीस गळ्यांतून निघून शेतातल्या बायांनाही ऐकू जायचा.

"मशीनमधून नाही निघाला ना?" चिंधू म्हणायचा. "लोकाईच्या तोंडाचा मी ठेका घेतला काय?"

भजनातला प्यालासुद्धा त्यानं सोडला नाही.

"अरे बापा, तो नामाचा प्याला होय!" रामाजी चिडले.

"प्याल्याचा भरोसा नाही, रामाजी. आज नामाचा, उद्या कशाचा."

सगळ्यात मोठी पंचाईत संत्र्याची. या भागात संत्रा दोन जातींचा: एक झाडाला लागतो, दुसरा देशी दारूच्या दुकानात बाटलीत मिळतो. दारू सोडेपर्यंत चिंधूनं दुसराच खाल्ला होता. त्यामुळे चहूकडे संत्र्याचे बगीचे असलेल्या रस्त्यावर त्याच्या बसमध्ये संत्र्याला बंदी होती. फवारणीच्या औषधाच्या जाहिरातीतलाही संत्रा त्यानं गिळला. बगीचेवाले म्हणत, ह्याचं डोकं फिरलं. फिरलं असेल, पण नऊ वर्षं माणूस प्यायला नव्हता, हे त्यांच्यातल्या किती जणांना जमलं असतं?

मग एका सकाळी प्रणालीनं त्याच्या हातात पेनड्राईव्ह ठेवला. कॉलेजात तिनं स्वतः रचून गाणं म्हटलं होतं.

"बसमध्ये लावा, बाबा. पण पुरं लावजा."

चिंधूची छाती फुगली. बस सुटताच त्यानं जाहीर केलं, "माही पोरगी गाऊन राहिली. गोंधळ नाही पाहिजे."

गाण्यात बगीचा आला, बहार आला, बाया तोडीला निघाल्या. रामाजी मान डोलवू लागले. आणि पोरीचा आवाज आला, "बाबा येते..."

पुढच्या शब्दाचं 'सं' निघताच तो चिंधूला कळला अन् बसलाही. हातानं सवयीनं बटन फिरवलं.

"संत्रा!" बस ओरडली आणि हसली.

हात परत फिरला. प्रणाली म्हणत होती, "...खाऊन, तोंडाले त्याचा वास. कुठं ठेवली, बाबा, माह्या वाट्याची फोड?"

हसणं विरलं. चिंधूला सगळं आठवलं. रोज संध्याकाळी तो झोकांड्या खात घरी यायचा. चार-पाच वर्षांची पोरगी तोंड हुंगायची, म्हणायची, "कायचा वास येते?" आणि तो लाजेनं म्हणायचा, "संत्रा खाल्ला व माय." मग ती त्याच्या शर्टाचे दोन्ही खिसे चाचपून फोड शोधायची. बाबा एकटाच खाऊन येतो म्हणून रडत झोपायची. पोरीनं इतकी वर्षं हे मनात जपलं होतं आणि तो मात्र शब्दांवर पहारा देत बसला होता.

ध्रुपद पुन्हा आलं. "बाबा येते..."

शब्द बंद केला तर लेकीचाच आवाज बंद, ऐकला तर तिच्याच डोक्यावरची शपथ मोडली. रामाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. चिंधूनं दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट धरले. संत्रा मशीनमधून स्वच्छ वाजला. बसमधल्या एकानंही मदत केली नाही.

सौंसरच्या स्टँडवर त्यानं एक संत्रा घेतला, एकच, आणि शर्टाच्या खिशात ठेवला. दिवसभराच्या फेऱ्यांत खिसा फुगलेलाच होता.

संध्याकाळी तो दारातच उभा राहिला. "शपथ मोडली, माय. आज बसमध्ये संत्रा वाजला."

प्रणाली जवळ आली. तिनं आधी त्याचं तोंड हुंगलं. मग त्याच्या खिशात हात घातला.