द्रोणागिरीला संजीवनी देऊन आलो, त्याची हकीकत

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसाला समाज दोन नावांनी ओळखतो. वस्तू नाणी, अडकित्ते किंवा समया असतील, तर तो संग्राहक. त्याच वस्तू टीव्हीला जोडून खेळायची यंत्रे असतील, तर तो भंगारवाला. सन एकोणीसशे सत्त्याण्णवमध्ये नेरूळच्या आमच्या सोसायटीत या दुसऱ्या पदवीचे एकमेव मानकरी अस्मादिक होते. वय सत्तावीस, विवाह नूतन, पोटमाळा मात्र पूर्ण भरलेला.

त्या पोटमाळ्याचे वैभव थोडक्यात सांगतो. दर्शनी भागास लाकडाचा आभास देणारा एक खेळसंच चोरबाजारातून पैदा केलेला. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने "घेऊन जा, पण परत आणू नका" या एकमेव अटीवर बहाल केलेला एक गृहसंगणक. वाशीच्या एका डॉक्टरांनी मुलाची दहावी आली म्हणून घराबाहेर काढलेला व्हिडिओ गेम, त्याच्या पिवळ्या कॅसेटींसकट. आणि या साऱ्यांच्या मधोमध एक रिकामी जागा.

ती जागा राखीव होती. खोडरबरासारख्या मऊ कळांचा, पंचांगाएवढा, काळाभोर असा एक गृहसंगणक पूर्वी मिळत असे. त्याला स्वतःचा पडदा नाही. पडदा घरच्या टीव्हीचा उसना घ्यायचा. त्याला तबकडीही नाही. प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर नोंदवायचा आणि टेपरेकॉर्डरमधून त्याला पाजायचा. असे निष्कांचन तरीही तेजस्वी यंत्र माझ्याकडे नव्हते. मी आशावादी असल्यामुळे त्याच्या नावाची चिठ्ठी आधीच सुवाच्य अक्षरांत लिहून फळीवर डकवली होती: 'गृहसंगणक, रबरी कळा. स्थिती:' आणि पुढे कोरे. पाहुणा येण्यापूर्वीच त्याच्या प्रकृतीविषयी लिहिणे शिष्टसंमत नव्हे.

एके संध्याकाळी तळमजल्यावरचे निवृत्ती जिना चढून आले. निवृत्ती मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मुकादम. माझ्या बोलण्यामुळे त्यांनी मला 'पंत' ही उपाधी दिली होती आणि सोसायटीने ती एकमताने मंजूर केली होती.

"पंत, तुमचं त्ये टीव्हीला जोडायचं डबडं हाय म्हनं एकाकडं. उरणच्या अंगाला, द्रोणागिरीच्या डोंगराखाली. आमच्या गावच्या ड्रायव्हरनं डोळ्यानं बघितलंय."

"कळा रबरी आहेत का?" मी विचारले.

"रबरी हायती का चामडी, मला काय ठावं? काळं हाय आन् देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय म्हनला."

देव्हाऱ्याशेजारी! ज्या घरात संगणकाला एवढा मान आहे, तिथे जाणे प्राप्तच होते. सौभाग्यवतींनी प्रस्थानाची वार्ता शांतपणे ऐकली आणि एकच वाक्य उच्चारले. "अहो, या वेळी रिकाम्या हातांनी आलात तरच पान वाढीन."

माघातल्या एका रविवारी सकाळी आम्ही निवृत्तींच्या स्कूटरवर आरूढ झालो. ज्यांना आज ही यात्रा करायची आहे त्यांनी नेरूळहून सरळ रेल्वे धरावी. आता ती उरणपर्यंत जाते आणि वाटेत द्रोणागिरी नावाचे स्थानकसुद्धा लागते. आम्हाला ते सुख नव्हते. उरण फाटा, मग बेलापूरच्या बाजूने खाडीवरचा पूल, मग गव्हाण फाटा. गव्हाण फाट्यापर्यंत रस्ता माणसांचा आहे. तिथून पुढे तो न्हावा शेवा बंदराचा, म्हणजे कंटेनरवाहू ट्रेलरांचा. घरासारख्या लांबलचक पेट्या चाकांवर बसून एकामागून एक येतात आणि दर ट्रेलरच्या वाऱ्यासरशी स्कूटर एक एक वीत सरकते. निवृत्ती प्रत्येक ट्रेलरला साताऱ्याच्या खास शब्दांत आशीर्वाद देत होते. ते शब्द येथे देता येत नाहीत. फाट्यावरच्या टपरीत वडापाव तीन रुपयांना मिळाला. या दराला आता केवळ पुरातत्त्वीय मूल्य आहे, परंतु चटणी आजही स्मरणात आणि कंठात आहे.

डाव्या-उजव्या हाताला पूर्वी मिठागरे होती. काही ठिकाणी त्यांचे बांध अजून दिसत होते आणि बांधांच्या आत, मिठाऐवजी, मुरमाचा भराव आणि कंटेनरांच्या उतरंडी. समोर द्रोणागिरीचा डोंगर. पुराणात संजीवनीसाठी याच नावाचा पर्वत कुणीतरी मुळासकट उचलून नेला होता. अस्मादिकांची मागणी त्या मानाने माफक होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. दारातच हासूराम काका भेटले: साठीचे, काटक, कमरेला पंचा. त्यांच्या बापजाद्यांचे मिठागर होते. बंदरासाठी ते शासनाने घेतले, पैसे आले, आणि त्या पैशांतून काकांनी सर्वांत आधी जी वस्तू घेतली ती म्हणजे सातवीतल्या मुलीसाठी हा संगणक. "पुढं सगलं ह्याच्यावरच चालनार हाय," असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. ती मुलगी, वनिता, आता बंदरातल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत कामाला होती आणि रविवार असल्यामुळे घरी होती.

आणि तो? तो खरोखर देव्हाऱ्याशेजारी, क्रोशाच्या रुमालावर विराजमान होता. कळा अस्सल रबरी. दसऱ्याच्या पूजेचा कुंकवाचा ठिपका कोपऱ्यातल्या कळेवर जसाच्या तसा. मी पादत्राणे काढलेलीच होती, नाहीतर पुन्हा काढली असती.

"सर, खरं सांगू का, जागा अडवून बसलाय नुसता," आमच्या येण्याचे कारण ऐकून वनिता म्हणाली. "आमच्या ऑफिसात रंगीत स्क्रीनचा आहे. त्याच्यापुढे हे म्हणजे खेळणं. तुमी घेऊन जा, बाबांचं टेन्शन पण जाईल."

"मना कसला टेन्शन?" काका म्हणाले. "तवा टीव्हीसमोर बसून रातचं जेवन इसरायचीस, आता खेलना म्हनतंस?"

"बाबा, बंद पडलाय तो!"

"व्हय, मेलाय," काकांनी मान्य केले आणि माझ्याकडे वळले. "चार वर्सां झाली, साहेब. जुना टेप बिगरला, नवा आनला, तवापासून ह्यो काय बोलंना. कॅसेट लावली का नुसता कोकलतो, मंग गप. म्हनून सांगतो. मेला असल तर तुमी न्या, पैसं नको मना. मेलेल्याचं पैसं कोन घेल? पन जिता असल तर तो माजे पोरीचा हाय. इकायचा नाय."

करार सुस्पष्ट होता. काकांनी मला परीक्षक नेमले होते आणि परीक्षेचा निकाल वाईट लागण्यातच परीक्षकाचा लाभ होता. यापेक्षा अनुकूल न्यायालय मला आयुष्यात पुन्हा लाभलेले नाही.

परंतु आधी भोजन. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण. अस्मादिक त्या दुपारपर्यंत शाकाहारी होते. "बामनाला बाटवलात," असे निवृत्ती भाकरी मोडता मोडता म्हणाले, त्यावर काकूंनी आतून आवाज दिला, "बाटला तं बाटला, पन भुका नको जायाला!" आणि दुसरी भाकरी आली.

मग मी यंत्र टीव्हीला जोडले. पडदा पांढरा झाला, खाली दोन ओळी उमटल्या. म्हणजे यंत्र मेलेले नव्हते. मला तत्क्षणी कळले की रोग संगणकात नाही, टेपरेकॉर्डरमध्ये आहे. टेपच्या आत फीत ज्या इवल्याशा धातूच्या तुकड्यावरून सरकते त्याला हेड म्हणतात. ते केसभर कलले तरी गाणी ऐकू येतात. संगणकाला मात्र एक अक्षर समजत नाही. वनिताने आपल्या कॅसेटी जुन्या, कललेल्या हेडावर नोंदवल्या होत्या. नव्या टेपचे हेड सरळ होते. कॅसेटीला जुन्या गुरूचे तिरपे उच्चार पाठ, आणि वाचून दाखवणारा नवा टेप शुद्ध बोलणारा! असा तो चार वर्षांचा अबोला.

यावर उपाय एकच. हेडाशेजारच्या सूक्ष्म स्क्रूला कणाकणाने फिरवायचे आणि कानाने ऐकायचे. मला चित्रकला येत नाही, पोहणे येत नाही, सौभाग्यवतींच्या मते भाजी आणणेही येत नाही. पण ही एक विद्या मला येते. पोटमाळ्यावर रात्रंदिवस बसून मी ती कमावली आहे. मी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. खरखर, किंकाळी, घोगरा आवाज. वनिताने कानांवर हात ठेवले. शेजारच्या घरातून विचारणा आली, "काय रं हासूराम, कोंबरा कापतोस का काय?"

आणि मग तो सापडला. धुक्यातून येणारा आवाज एकाएकी काचेसारखा झाला, कडा धारदार, प्रत्येक किंकाळी सुटी. खोलीतल्या कुणालाही फरक कळला नाही. त्यांच्या लेखी कर्कश ते कर्कशच. कळले ते फक्त मला, आणि माझा चेहरा ओळखणाऱ्या निवृत्तींना.

ते कानाशी आले. "पंत, सापडलं न्हवं? आता सोडा की. जरासं मागं फिरवा आन् न्हाई चालत म्हना. डबडं धरून मी बसतो मागं, स्कूटर तुमी हाना."

स्क्रू माझ्या बोटांत होता. केसभर मागे, की फळीवरची जागा भरली. काकांना वाईट वाटले असते, पण त्यांनी ते वाईट चार वर्षांपूर्वीच वाटून घेतले होते. वनिताला तर सुटल्यासारखेच झाले असते. नुकसान कुणाचेही नव्हते. खाल्ल्या मिठाला जागलो, असे येथे लिहिता आले असते तर किती शोभून दिसले असते! सत्य असे की मला माझ्या कानाचा अपमान सहन होईना. एवढ्या अचूक जुळवलेल्या स्वराला मी स्वतःच्या हाताने बेसूर करू? आणि वर म्हणू की मला जमले नाही? सदाचार जिथे डळमळतो, तिथे कधीकधी अहंकार खांब होऊन उभा राहतो.

मी वायर लावली आणि म्हणालो, "कॅसेट पहिल्यापासून लावा."

पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे धावू लागले. काकू पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज थांबला, पडदा कोरा झाला, आणि डाव्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत एक शब्द उमटला: तिथी, पुढे प्रश्नचिन्ह.

वनिता पुढे सरकून जमिनीवर बसली. रंगीत स्क्रीनवाल्या ऑफिसातली वनिता नव्हे. कुणी दुसरीच, दोन वेण्यांची असावी. "हा मीच केलेला. बाबांनी रीत सांगितलेली," ती हळूच म्हणाली. मिठागरात समुद्राचे पाणी घ्यायचा एक दरवाजा असतो, उघाडी म्हणतात. ती उघडायची तर भरती कधी ते कळले पाहिजे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सातवीतल्या मुलीने बापाची ही पाऊणकी यंत्राला शिकवली होती, नेमकी अशा वेळी, जेव्हा मिठागरच उरले नव्हते.

"बाबा, आज तिथी काय?"

"दशमी." आणि यंत्राची वाट न पाहता, "साडेसात."

तिने दहा दाबले. पडद्यावर आले: भरती, सात पूर्णांक पाच.

काका पडद्याजवळ सरकले. "शिकवलेलं इसरला नाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहताच, "जिता हाय, साहेब."

"जिवंत आहे," मी निकाल जाहीर केला. कुठल्याही न्यायमूर्तीने स्वतःच्या विरुद्ध इतक्या दिमाखात निकाल दिला नसेल.

वनिता तोवर दुसरी कॅसेट शोधायला उठली होती. जाताना तिने विचारले, "सर, परत बिघडला तर?" मी तिला तो स्क्रू दाखवला, कोणत्या आवाजाला थांबायचे ते दोनदा ऐकवले. दुसऱ्या खेपेस तिने माझ्याआधी "इथे!" म्हटले आणि बरोबर म्हटले. तेव्हा स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात परत ठेवणे मला प्रशस्त वाटेना. तो मी क्रोशाच्या रुमालावर ठेवला. काकांनी आतून एक पुरचुंडी आणली. खडेमीठ, त्यांच्या मिठागरातल्या शेवटच्या खेपेचे.

परतीच्या वाटेवर निवृत्ती गव्हाण फाट्यापर्यंत फक्त ट्रेलरांनाच आशीर्वाद देत राहिले. तिथे चहा घेताना म्हणाले, "पंत, तुमी येडं हायसा." दोन घोटांनंतर पुन्हा म्हणाले, "पर कान लई भारी तुमचा." चहाचे पैसे त्यांनी दिले.

घरी सौभाग्यवतींनी दार उघडले आणि आधी माझ्या हातांकडे पाहिले.

"हे काय?"

"मीठ."

"संगणक आणायला गेला होतात ना?"

"त्याला जिवंत करून आलो. म्हणून मिळाला नाही."

त्यांनी पुरचुंडी उघडली, एक खडा जिभेवर ठेवला, आणि बोलल्याप्रमाणे पान वाढले. ते मीठ पुढे कित्येक दिवस आमच्या आमटीत होते. माझ्या छंदातून स्वयंपाकघराला पोचलेली ती पहिली आणि शेवटची मदत.

त्या दिवशी पोटमाळ्यावर चढून मी चिठ्ठीतली कोरी जागा भरली. पुढे संग्रह वाढला, आमचे घर बदलले, फळ्या बदलल्या, आणि जसजसे एकेका यंत्राने डोळे मिटले, तसतसे त्यांच्या चिठ्ठ्यांवर 'बंद' लिहिण्याची पाळी माझ्यावर आली. पाहायला येणारे लोक मात्र नेमके त्या रिकाम्या जागेपाशी थांबतात आणि चिठ्ठी मोठ्याने वाचतात: 'गृहसंगणक, रबरी कळा. स्थिती: चालू.' मग विचारतात, वस्तू कुठे आहे? मी अत्यंत प्रौढीने खिडकीतून उरणच्या दिशेला बोट दाखवतो.

तो आजही चालतो का, हे मी कधी विचारलेले नाही. स्क्रूड्रायव्हर तिकडेच आहे.