मिसिंगच्या मागावर चुडामण मिस्त्री

राजपुऱ्यातला चुडामण मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी इतके प्रश्न विचारतो की गिऱ्हाईक वैतागून जातं. आधी वीस वर्षं तो पॉवरलूमवर होता. त्या खडखडाटात डावा कान गेला, तेव्हा लूम सोडून त्यानं गॅरेज टाकलं. ऐकू कमी येतं म्हणून इंजिनावर तळवा टेकवून तो दुखणं ओळखतो. लूमची एक सवय मात्र सुटली नाही. बाकीचे मिस्त्री वायरी बांधायला प्लास्टिकची पट्टी वापरतात. हा सुताची दोरी घेऊन विणकराची गाठ मारतो. आणि हट्टी इतका, की दोष सापडेपर्यंत एकही पार्ट बदलत नाही.

वैजयंती मॅडमच्या गाडीनं या माणसाला दीड महिना नाचवलं. मॅडम खकनारजवळच्या शाळेत शिकवतात. सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या. चालता चालता मध्येच इंजिन मिसिंग मारायचं, म्हणजे त्याचा ठोका चुकायचा, गाडी दोन-तीन झटके द्यायची आणि पुन्हा सुरळीत व्हायची. गॅरेजात आणली की शहाण्या बाळासारखी चालायची. स्कॅनर लावला, काही निघालं नाही. प्लग तपासले, फिल्टर तपासला. शेवटी चिडून चुडामण बोलून गेला, "मॅडम, तुम्ही क्लच तं बरोबर सोडता ना?"

हे वाक्य त्यांच्या यजमानांनी, नंदकुमारांनी, उचलून धरलं. दोष गाडीत नाही, बाईच्या पायात आहे, असं ते घरीदारी सांगू लागले. रविवारी गाडी विकत घ्यायला माणूस येणार आणि मॅडम पुन्हा बसनं जाणार, हे ठरलंसुद्धा.

शुक्रवारी मॅडम गॅरेजवर आल्या. "भाऊ, उद्याचा एकच दिवस आहे. आता तं मलाच वाटू राहिलं की मला चालवता येत नाही."

चुडामणच्या जिवाला ते लागलं. "उद्या मी येतो तुमच्यासोबत. झटका माझ्यासमोर बसू द्या, मंग पाहू."

शनिवारी तो शेजारच्या सीटवर बसला. खकनारपर्यंत गाडीनं हूं की चूं केलं नाही. शाळा सुटेपर्यंत चुडामण फाटकाबाहेर डोकं खाजवत बसून राहिला. मॅडम बाहेर येताच त्यानं विचारलं, "झटके बसले तेव्हा गाडीत कोण कोण होतं?"

"कधी कधी शाळेतल्या दोघी येतात माझ्यासोबत, शीतल आणि कमल."

"कधी कधी का दरवेळेस?"

मॅडम थबकल्या. "झटके बसले तेव्हा... हो, दरवेळेस त्या होत्याच."

"मंग आज बी बसवा त्यांना."

चौघं निघाले. पहिल्याच चढावर इंजिनानं ठसका दिला आणि गाडीला झटके बसले. मागच्या दोघी घाबरल्या. चुडामण मात्र असा खूश, की बघणाऱ्याला राग यावा.

चढ संपल्यावर सपाट जागेवर गाडी थांबवली. बोनेट उघडून चुडामण बाजूला उभा राहिला. "ब्रेक गच्च दाबा, पहिला गिअर टाका आणि क्लच एकदम हळू सोडा. गाडी हलली नाही पाहिजे आणि इंजिन बंद पडलं नाही पाहिजे. जमेल?"

मुरलेल्या ड्रायव्हरचंही इंजिन यात बंद पडतं. मॅडमनी क्लच जेमतेम सोडला आणि नेमका तिथंच धरून ठेवला. जोर येताच इंजिन मागं कललं, एक वायर ताणली गेली, तिच्या टोकाचा जोड, म्हणजे कपलर, किंचित उघडला आणि मिसिंग सुरू झालं. क्लच दाबला की वायर सैल, इंजिन शांत. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. मागं दोघी बसल्या की वजनामुळं चढावर इंजिनावर असाच जोर यायचा.

वायर कुणीतरी फार आखडून बांधली होती. चुडामणनं वाकून मागच्या बाजूला पाहिलं. सुताची दोरी आणि विणकराची गाठ! दिवाळीच्या सर्व्हिसिंगला त्यानंच बांधलेली.

त्याचं तोंड उतरलं. उंदरानं वायर कुरतडली म्हटलं असतं, तर तिघींपैकी एकीलाही कळलं नसतं. तसं मनात आलंही, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. दोरी कापून त्यानं वायर ऐसपैस सोडली, कपलर घट्ट बसवला. तोच चढ पुन्हा चढून पाहिला, एकही झटका नाही.

"मॅडम, गाठ माझ्या हातची होती," तो म्हणाला. "तुमच्या पायात काहीच दोष नव्हता. आज तुमच्या पायामुळेच सापडलं."

मॅडमनी गाडी सुरू केली. मग म्हणाल्या, "हे घरी येऊन सांगा, भाऊ. ह्यांच्यासमोर."

कुणाच्या दारात जाऊन चूक कबूल करायची वेळ चुडामणवर कधी आली नव्हती. तरी तो गेला. नंदकुमारांसमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. क्लचचं वाक्य आपण उगाच बोललो, हेसुद्धा.

नंदकुमार हसले. "बरं झालं. चालू गाडी उद्या लगेच जाईल."

मॅडमनी टेबलावरची चावी उचलून पर्समध्ये टाकली. "त्या माणसाला आत्ताच फोन करा, येऊ नका म्हणावं. सोमवारी मी गाडीनं जाणार आहे."

हा आता निघेल, या अपेक्षेनं नंदकुमार चुडामणकडे पाहू लागले. पण तो हलला नाही. फोन लागला, नंदकुमारांनी पडेल आवाजात नाही सांगितलं, ते ऐकल्यावरच चुडामणनं चपला घातल्या.