जव्हारच्या हॉटेलचा सागवानी जिना

जव्हारच्या जुन्या हॉटेलच्या मालकांनी मला फसवलं, आणि मी मोखाड्याच्या एका म्हाताऱ्या सुताराला. दोन्ही वेळा कारण एकच, त्या हॉटेलचा जिना.

हॉटेल भर बाजारात. तारखेला आलेले वकील, जंगलाचे ठेकेदार तिथेच उतरायचे. मी तेव्हा समोर बसून डिंक विकायचो. वर जायची मुभा नव्हती. जिना पाहिला तो रस्त्यावरूनच. पुढे इमारतींची कामं घेऊ लागलो आणि हॉटेलच्या दुरुस्तीचं काम मलाच मिळालं, तेव्हा त्यावर पहिल्यांदा पाय ठेवला.

अख्ख्या जिन्यात खिळा नव्हता, सगळा लाकडी खुंट्यांवर. खालची तुळई वाळवीने खाल्लेली, म्हणून तो उतरवणं भाग होतं. मोखाड्याच्या त्या सुताराच्या बापाने तो जोडलेला, म्हणून त्यालाच बोलावलं. मजुरीवरून मी तासभर घासाघीस केली. शेवटी म्हातारा म्हणाला, "कमी द्या, शेट. पन परत बसवनार मीच."

"तूच बसव, बाबा," मी म्हणालो. सौदा स्वस्तात पडला याचाच मला आनंद.

त्याने प्रत्येक पायरीच्या खालच्या कडेला पटाशीने खाचा पाडल्या. पहिलीला एक, दुसरीला दोन. "मला वाचता येत नाय," तो म्हणाला, "बोटांना येतंय."

मालकांचाही मला शब्द होता, जिना होता तिथेच बसेल. मी फरशी आणायला नाशिकला गेलो आणि परतलो तर सिमेंटचा जिना ओतून झालेला. भांडलो, काम सोडलं. लाकूड गोदामात जपून ठेवलंय, असं मालक सांगत राहिले.

गेल्या हिवाळ्यात दाभोशाच्या धबधब्याच्या वाटेवरच्या त्यांच्या नव्या रिसॉर्टमध्ये जेवायला बसलो. हात टेबलाच्या कडेखाली गेला. सात खाचा.

"लाकूड वाया थोडंच गेलं, शेठ?" मालक हसले. "लोक फोटो काढतात. तुमच्या त्या बाबालाही आणा एकदा जेवायला."

मी ताटावरून उठलो. उठण्यापलीकडे काही केलं नाही.

म्हातारा दर बाजाराला मोखाड्यात भेटतो, जव्हारला आता त्याचं येणं होत नाही. पिशवीत पटाशी असते. "नवी तुळई आली काय, शेट?" विचारतो. मी म्हणतो, "येईल." ती यायची नाही, हे मला ठाऊक असतं.

या बाजारी मी त्याला माझं खोटं सांगणार आहे. मालक, तुम्हीही या. माझ्या शेजारी उभे राहा आणि त्याच्या तोंडावर सांगा, त्याच्या बापाच्या जिन्याची सातवी पायरी आज कुठे आहे, आणि ती तिथे कुणाला विचारून नेली.