डीजे न्हाई, इलेक्ट्रॉनिक म्युझिक!

आपली फजिती आपण विसरायला तयार असतो, पण सोबतची माणसं विसरू देत नाहीत. केदार, ऋजुता आणि मी, आम्ही तिघं पुण्याच्या एका विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक म्युझिक शिकलो. म्हणजे कॉम्प्युटरवर आणि यंत्रांवर संगीत रचायचं आणि लोकांसमोर वाजवायचं. केदार नागपूरचा, ऋजुता पुण्याची, मी केज तालुक्यातला. आजही भेटलो की चहा यायच्या आत कुणीतरी सुरू करतं, "तुला आठवतं का रे..." आणि माझे कान तापतात. कारण निम्म्याहून जास्त किस्से माझे, नाहीतर माझ्या गावाकडचे!

* * *

अॅडमिशन झाल्यावर अण्णांपुढं, म्हणजे माझ्या वडिलांपुढं, प्रश्न पडला. लोकांना सांगायचं काय? ते दूध सोसायटीचे सेक्रेटरी. रोज सकाळी अर्धं गाव कॅन घेऊन त्यांच्यापुढून जायचं. "पोरगं गाणं-बजावणं शिकतंय" म्हणायची त्यांना लाज वाटायची. म्हणून त्यांनी कोर्सचं नाव अर्धंच सांगायला सुरुवात केली. "इलेक्ट्रॉनिकला हाय!"

दिवाळीला घरी आलो, तर ओसरीवर दोन टीव्ही, मोटारीचा स्टार्टर आणि सोसायटीचं दुधाचं फॅट मोजायचं मशीन मांडून ठेवलेलं.

"अण्णा, हे काय?"

"हळू बोल. लोकांनी लई विश्वासानं आणून ठिवलंय."

अण्णांची मान राहावी म्हणून मी सुटीभर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. फॅट मशीन आधी अधूनमधून बंद पडायचं. माझा हात लागला आणि कायमचं पडलं! दुसऱ्या दिवशी लोक आपापले टीव्ही उचलून न्यायला आले. जाताना एक जण अण्णांना समजुतीनं म्हणाला, "मनाला लावून घिऊ नका सेक्रेटरी. पोरगं आजून पहिल्याच वर्षाला हाय."

* * *

माझ्या बोलण्याचीही मला तिथं लाज वाटायची. "आहे, नाही" असं घोकून घोकून बोलायचो. पण स्टुडिओत एकदा ऋजुतानं आवाज इतका वाढवला, की माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, लई झालं, लई!"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आलो तर केदारनं मिक्सरच्या मोठ्या बटणाभोवती चिकटपट्ट्या लावलेल्या. सुरुवातीला "थोडं", मध्ये "बास" आणि एकदम टोकाला "लई".

मी काढून टाकणार होतो, पण आमच्या सरांनी हात धरला. म्हणाले, "राहू दे. तीन वर्षांत पहिल्यांदा मुलांनी आवाज कमी ठेवलाय!"

* * *

पहिल्या वर्षाचा जाहीर कार्यक्रम. मी स्टेजवर टेबल लावलं, वायरी जोडल्या, आणि स्पीकरमधून सुरू झालं, घुंऽऽऽऽ! अर्थिंगमध्ये काहीतरी बिघाड. मी घामाघूम होऊन टेबलाखाली शिरलो. ही वायर काढ, ती लाव. घुंऽऽऽ काही जाईना. शेवटी एकदाचं थांबलं. बाहेर डोकं काढलं, तर टाळ्या! लोक डोळे मिटून ऐकत होते!

वाकून नमस्कार केला आणि खरी रचना सुरू केली. तसा सभागृहाचा इलेक्ट्रिशियन धावत आला. "सर, तुमचं कायतरी बिघडलंय!" आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

सर नंतर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पहिला भाग जास्त प्रामाणिक होता."

* * *

युसूफ वडगावात चुलतभावाचं लग्न होतं. तात्या, म्हणजे नवरदेवाचे वडील, म्हणाले, "घरचा डीजे असताना भाईरचा कावून सांगायचा?"

"तात्या, मी डीजे न्हाई. ते इलेक्ट्रॉनिक म्युझिक..."

"तेच ते! पोरं नाचली म्हंजी झालं."

वरात निघाली. ऊन असं, की टेम्पोवर ठेवलेला लॅपटॉप तव्यासारखा तापला. ऐन चौकात गाणं अडकलं आणि आपोआप दुसरी फाइल सुरू झाली. ती माझी सेमिस्टरची रचना! एकच खर्जाचा सूर, हळूहळू, अगदी हळूहळू बदलत जाणारा. लॅपटॉप काही ऐकेना. पोरांचे नाचायला वर गेलेले हात वरच. घोडं जागचं हलेना. सगळी वरात माझ्याकडं बघायला लागली.

नवरीचे मामा टेम्पोजवळ आले. अगदी अदबीनं विचारलं, "जावईबापूंचे भाऊ ना तुमी? गाणं कवा सुरू हुतंय?"

"मामा, हेच हाय."

"आस्सं!" मामांनी जरा वेळ ऐकलं. "मग संपतंय कवा?"

* * *

दुष्काळाच्या साली ऋजुता आणि केदार आवाज रेकॉर्ड करायला आमच्या गावाला आले. विषय होता पाणी. विहिरी कोरड्या, नदीत वाळू. पाण्याचा आवाज म्हणजे टँकरचा, दुसरा नव्हताच.

टँकर आला. घागरी, कळश्या, पाइपची ओढाओढ, एकच कालवा. ऋजुता कानाला हेडफोन लावून, माइक पुढं धरून मध्येच उभी. आणि एकदम ओरडली, "एक मिनिट! सगळ्यांनी जरा शांत राहा ना, प्लीज!"

आमच्या गल्लीतली सुमनकाकू पाइप धरून होती. ती म्हणाली, "बाई, शांत ऱ्हायलं की घागर भरत न्हाई."

तिथंच थांबलं असतं तर बरं. पण काकूनं कळशीतलं पाणी घागरीत ओतलं, त्याचा आवाज ऋजुताला इतका आवडला, की ती म्हणाली, "काकू, परत एकदा ओताल?"

मी टँकरच्या मागं जाऊन उभा राहिलो. काकूनं तिच्याकडं पाहिलं, मग घागरीकडं. आणि खरंच तिनं घागर उचलून कळशी भरली आणि पुन्हा घागरीत ओतली. अगदी जपून. तरी थोडं सांडलंच.

"आलं का नीट?" काकूनं विचारलं.

ऋजुतानं हेडफोन काढून पिशवीत टाकले, ते पुण्याला जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत. सेमिस्टरला तिनं हॉस्टेलच्या पंख्याचा आवाज दिला.

* * *

शेवटच्या वर्षाला मी आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यावर एक रचना केली. हंगाम चालू असताना सगळे आवाज टिपले होते. ऊस टाकायची गव्हाण, मिल आणि शिफ्टचा भोंगा. पुढं पाऊस गेला. ऊसच नाही, तर गाळप कशाचं? कारखाना बंद राहिला. कामगार घरी बसले.

वार्षिक सभा मात्र व्हायचीच होती. चेअरमन अण्णांना म्हणाले, "आपल्या पोरानं कारखान्यावर संगीत केलंय, ते सभेला वाजवू की!" अण्णा पहिल्यांदाच माझ्यासोबत निघाले. नवा सदरा घालून.

सकाळी लवकर आवारात मोठे स्पीकर लावले. मदतीला केदार होता. सभेला अजून कुणी आलं नव्हतं. टेस्टिंगसाठी मी रचना सुरू केली. तिची सुरुवातच भोंग्यानं होती.

जरा वेळानं कॉलनीच्या रस्त्यानं माणसं येताना दिसली. आधी वाटलं, सभेची असतील. पण त्यांच्या अंगात खाकी कपडे होते. काहींच्या हातात डबे. एक जण पळता पळता शर्टाची बटणं लावत होता. गेटमधून आत येऊन सगळे थांबले.

केदार माझ्या कानाशी म्हणाला, "बंद कर बे! बंद कर!"

मी बंद केलं. पाना-पकडीची पिशवी खांद्याला असलेले एक फिटर पुढं आले. "बॉयलर पेटला का?"

मी केदारकडं पाहिलं. केदारच म्हणाला, "काका, टेस्टिंग चालू आहे."

"कशाची?"

"आवाजाची."

त्यांनी मान वर करून धुराड्याकडं पाहिलं. कुणी रागावलं नाही. अण्णा खाली बघत सदऱ्याची बाही सारखी करत राहिले. माणसं गेटजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. काहींनी डबे उघडून खाल्लं. तरी कुणी उठेना.

बऱ्याच वेळानं ते फिटर पुन्हा माझ्याकडं आले. पिशवी अजून खांद्यालाच होती.

"बाबा," ते म्हणाले, "आता सुटीचा भोंगा पण वाजव. त्याबगर घरी कसं जायाचं?"