डांबर सोडायचं नाही

घाटाच्या पायथ्याशी आले की भाऊ मोटरसायकल थांबवायचे, गळ्यातल्या दुपट्ट्याच्या टोकानं हेल्मेटची काच पुसायचे आणि वर बघून म्हणायचे, "चाल बाबू. घाट काई आपल्यासाठी सरळ होनार नाई." हे ते उत्साहानं म्हणायचे असं समजू नका. सकाळी शटर वर करताना दुकानदार सुस्कारा टाकतो ना, त्या आवाजात म्हणायचे.

परतवाड्याला आम्ही दोघं मोबाइल टॉवरच्या देखभालीवर होतो. खालचे टॉवर आमच्याकडे, आणि चिखलदऱ्याकडचे वरचेही. बॅटरी बसली, जनरेटर अडला की फोन यायचा आणि गाडी काढायची. भाऊंची अर्धी नोकरी त्या वळणांत गेली होती. वर पर्यटक दरीचे फोटो काढत असायचे, तेव्हा भाऊ दरीकडे पाठ करून डबा खायचे.

मी अकोल्याचा. आमच्याकडे रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधून गेलेली डांबराची सरळ पट्टी. समोरून एसटी आली की दुचाकीवाल्यानं मुकाट्यानं साइडला मातीत उतरायचं, ती गेली की परत वर चढायचं. सायकल चालवायच्या वयापासून अंगात मुरलेली ही सवय. घाटात रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एका वळणावर समोरून एसटी आली आणि मी नेहमीसारखा खाली उतरलो. खाली मुरूम होता. घाबरून ब्रेक दाबला, पुढचं चाक सटकलं, आणि मी गाडीसकट घसरत कठड्याला जाऊन टेकलो. कठड्यापलीकडे काय होतं ते सांगायची गरज नाही.

पाय सायलेन्सरवर भाजला, तो बरा झाला. पण गाडीवरचा भरवसा गेला. वळण आलं की माझे दोन्ही पाय आपोआप खाली यायचे, आणि रांगत्या पोरासारखा मी ते वळण पार करायचो. मागच्या जीपवाले हॉर्न वाजवून हैराण व्हायचे. टॉवर तासन्‌तास बंद राहू लागले. अमरावतीहून साहेबांचा फोन आला, "महिनाभरात घाट जमवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो." अकोल्यात बदलीला जागा नव्हती. बायकोचे दिवस भरत आले होते आणि घरात पगार माझा एकट्याचा. मला रात्री झोप लागेनाशी झाली.

भाऊंनी धीर दिला नाही. ते मला पडलो त्या जागी घेऊन गेले आणि मुरमातल्या खुणा बघत उभे राहिले.

"डांबर कावून सोडलं?"

"एसटी आली होती, भाऊ."

"मंग? तिनं मागितलं व्हतं का तुले डांबर?" त्यांनी बुटानं मुरूम उकरला. "आपल्या मुलखाचा अदब हाये तो. मोठ्याले वाट द्याची. मी बी तसाच पडलो व्हतो. अदब घाटाखाली ठेवून येत जाय बाबू. इथं आपली बाजू आपन धराची, तिची ती पाहीन."

शिकवायची त्यांना हौस होती असंही नाही. स्वच्छ सांगितलं, "तू नाई शिकला, त तुये टॉवर बी माह्याच डोक्यावर येतीन. मी थकलो बाप्पा." असा प्रामाणिक गुरू तुमच्या पाहण्यात आहे का? माझ्या तरी नाही.

बाजार उठला की बाजार समितीच्या मोकळ्या आवारात ते डिझेलचे रिकामे कॅन मांडायचे, आणि मी त्यांच्यामधून वळत राहायचो. भाऊ चहाचा ग्लास घेऊन मधे बसलेले. मी हमखास कॅनला धडकायचो. "कॅनकडं पाहून राहिला म्हनून कॅनले लागून राहिला," ते कंटाळून म्हणायचे. "जाचं तिकडं पाह्य." गंमत म्हणजे, मान फिरवून पुढच्या मोकळ्या जागेकडे बघू लागलो तसे कॅन उभेच राहू लागले.

मग घाट. भाऊ पुढे, मी मागे. बोलणं नाही. मी त्यांचा मागचा लाल दिवा बघत राहिलो. वळण यायच्या आधी तो लागायचा आणि वळणात शिरताना विझलेला असायचा. जो काही वेग कमी करायचा तो आधीच, आत गेल्यावर ब्रेकला हात नाही. दिवसांमागून दिवस त्या दिव्यामागे गेले. एकदा वरून एसटी आली, गेली, आणि बरंच पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी डांबरावरच होतो. साहेबांचा फोन पुन्हा आला नाही. मुलगी झाली, तेव्हा पेढा द्यायला मी आधी भाऊंकडे गेलो.

एका गोष्टीत मात्र भाऊ हट्टी. कुणाच्या मागे बसायचे नाहीत. त्यांची गाडी गॅरेजला असली की हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन स्टँडवर बसायचे, एसटी येईल तेव्हा येईल. "मांगं बसलं का जीव दुसऱ्याच्या हातात. मले नाई जमत."

या हिवाळ्यात भाऊ अकोल्याला त्यांच्या मुलीकडे गेले. गेले म्हणजे वारले. शोकसभेत बुद्धवंदना झाल्यावर लोक त्यांच्याबद्दल दोन दोन शब्द बोलले. मलाही उठवलं, पण मी हात जोडून खाली बसलो. बोलायचं होतं ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाबद्दल.

त्याआधी काही महिन्यांपासून त्यांचा डावा हात बधिर पडू लागला होता, क्लच धरवत नव्हता. वरच्या टॉवरच्या किल्ल्या नव्या माणसाला द्यायच्या होत्या आणि एसटीचा पत्ता नव्हता. भाऊंनी दुपट्ट्यानं हेल्मेटची काच पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसू दे मांगं."

चढताना ते लाकडासारखे ताठ. मी डावीकडे कललो की ते उजवीकडे ओढायचे.

"भाऊ, माझ्याबरोबर कला."

"मालूम हाये. आंग ऐकत नाई."

उतरताना मात्र गाडी अचानक हलकी लागली. वळणावळणाला ते माझ्याबरोबर कलत होते. पाठीवर हेल्मेट टेकलं. वाटलं, काही सांगतायत. मान जराशी वळवली तर भाऊ झोपले होते, दोन्ही हातांची बोटं माझ्या पोटापुढे एकमेकांत अडकवून. उठवायला हवं होतं. पण इतकी वर्षं हा माणूस त्या वळणांत डोळे ताणून जागा राहिला होता, मला उठवेना. समोरून एसटी आली. मी माझी बाजू धरून राहिलो, ती तिच्या बाजूनं गेली. घाट संपला, पायथा मागे पडला, तरी मी वेग वाढवला नाही.

त्यांच्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा ते दचकले.

"घाट सरला का, बाबू?"

"सरला, भाऊ."